वस्त्रमुद्रणातील चित्रसिद्धता : वेदीवस्त्रापासून चर्चच्या टी-शर्टापर्यंत

कापडावर चित्र वा अक्षरे छापावयाची असता मूळ चित्र त्या त्या मुद्रणपद्धतीस मानवेल अशा स्वरूपात आणून ठेवण्याच्या कामास चित्रसिद्धता म्हणतात. चित्र काढणे आणि चित्र सिद्ध करणे ही दोन भिन्न कामे होत. पहिले काम चित्रकाराचे. दुसरे पूर्वी ठसा कोरणाऱ्या कारागिराचे व पुढे छापखान्यात फिल्म कापणाऱ्या माणसाचे होते. शाईचे सूक्ष्म थेंब शिवून तयार झालेल्या कपड्यावर थेट फेकून छापण्याची पद्धती एकविसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आल्यावर हे दुसरे काम बव्हंशी ग्राहकाकडे आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ख्रिस्ती मंडळ्या आपल्या सभासदांसाठी जे टी-शर्ट छापून घेतात, त्यांच्या बाबतीत हा बदल विशेष स्पष्टपणे दिसतो. कारण या मंडळ्यांच्या मागण्या लहान, चित्रे बहुरंगी आणि चित्रे करणारे बहुधा हौशी स्वयंसेवक असतात.

पूर्वेतिहास : कापडावरील मुद्रण आणि ख्रिस्ती उपासना यांचा संबंध जुना आहे. ईजिप्तमधील अखमीम येथील दफनभूमीतून मिळालेल्या व इ. स. चौथ्या ते सहाव्या शतकांतील समजल्या जाणाऱ्या काही लिनन वस्त्रांवर बायबलमधील प्रसंग रोधक रंजनाने उमटविलेले आहेत. चित्राचा भाग रोधकाने झाकून उरलेले कापड रंगात बुडवावयाचे, अशी ही रीत आहे. तीत रंगवावयाचे काय यापेक्षा कोरे ठेवावयाचे काय, हे आधी ठरवावे लागते. चित्रसिद्धतेतील हा पहिला धडा पुढे प्रत्येक पद्धतीत निराळ्या रूपाने पुन्हा गिरवावा लागला आहे.

यूरोपातील उपलब्ध मुद्रणठशांपैकी अतिप्राचीन मानला जाणारा ‘प्रोता ठसा’ फ्रान्समध्ये ला फेर्ते येथील मठाच्या परिसरात १८९८ मध्ये सापडला. अक्रोडाच्या लाकडाचा हा ठसा इ. स. सु. १३८० चा असावा. त्याच्या एका बाजूस ख्रिस्ताच्या क्रूसारोहणप्रसंगीचा रोमन शताधिपती व दोन सैनिक, तर दुसऱ्या बाजूस देवदूत कोरलेला आहे. सु. ६० सेंमी. उंचीचा हा तुकडा एका मोठ्या चित्राचा केवळ एक भाग आहे. तत्कालीन कागदाच्या तावावर असे चित्र मावणे शक्य नसल्यामुळे तो कापडावर, बहुधा वेदीवस्त्रावर, छापण्यासाठी केला असावा असे अभ्यासक मानतात. शताधिपतीच्या मुखातून निघालेल्या पट्टीवर बायबलमधील त्याचे वचन लॅटिनमध्ये असून कापडावर ते सुलटे उमटावे म्हणून उलट्या अक्षरांत कोरले आहे. वस्त्रावर बायबलचे वचन छापण्याची आणि त्यासाठी अक्षरे मुद्दाम वेगळ्या रीतीने तयार करण्याची प्रथा टी-शर्टापेक्षा साडेपाचशे वर्षांनी जुनी आहे, याचा हा लाकडी पुरावा होय.

इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनी याने इ. स. सु. १४०० मध्ये लिहिलेल्या कलाविषयक ग्रंथात कापडावरील ठसेमुद्रणाची कृती दिली आहे. अशी कापडे लहान मुलांच्या अंगरख्यांस आणि चर्चमधील वाचनपीठांवरील आच्छादनांस चांगली, असे तो सांगतो. कापड चौकटीवर ताणावे, कोरलेल्या ठशास काळा रंग लावून तो कापडावर ठेवावा व मागून घासावे, आणि नंतर कुंचल्याने हवे तेथे इतर रंग भरावेत, अशी ती कृती आहे. येथे ठसा केवळ बाह्यरेषेपुरता असून रंगांची विभागणी हाताच्या भरवशावर सोडलेली आहे. भारतात कोरोमंडल किनाऱ्यावरील कारागिरांनी अठराव्या शतकात आर्मेनियन चर्चसाठी रंगविलेले व छापलेले पडदे तयार केले. त्यांच्या हातची चित्रसिद्धता अधिक सूक्ष्म होती. आकृतीच्या रेषांवर भोके पाडलेल्या कागदातून कोळशाची पूड पाडून रेखाटन कापडावर उतरवीत आणि कोणता रंग कोणत्या रंगबंधकाने धरावयाचा याचा क्रम आधीच ठरवीत.

तांब्याच्या पत्र्यावरून (१७५२) व पुढे कोरलेल्या रुळांवरून (१७८३) छपाई सुरू झाल्यावर वस्त्रमुद्रण हा मोठ्या गिरण्यांचा धंदा झाला. एकेका रंगासाठी एकेक रूळ कोरण्याचा खर्च हजारो वार कापड छापले तरच भरून येई. एखाद्या गावातील मंडळीला आपल्यापुरते शंभर वार कापड छापून घेणे परवडण्याजोगे नव्हते. त्यामुळे चर्चचे झेंडे, पताका व वेदीवस्त्रे भरतकामाकडे आणि हाताने रंगविण्याकडेच राहिली.

जाळीवरील मुद्रण : इंग्लंडमधील मँचेस्टर येथील सॅम्युएल सायमन याने १९०७ मध्ये रेशमी जाळीतून रंग दाबून छापण्याचे एकस्व मिळविले. या पद्धतीत चौकटीवर ताणलेल्या जाळीची जी छिद्रे बुजविली जातात त्यांतून रंग उतरत नाही. ठसा कोरावा लागत नसल्याने लहान मागणी पुरविणे प्रथमच शक्य झाले. प्रकाशसंवेदी पायस लावून छायाचित्रणाने जाळी तयार करण्याची युक्ती निघाल्यावर चित्रसिद्धता पारदर्शक फिल्मवर आली.

टी-शर्ट हा मूळचा आतून घालावयाचा सदरा. अमेरिकन नौदलाने १९१३ मध्ये तो गणवेशात घेतला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी शाळांची नावे त्यावर छापली जात. १९४८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत टॉमस ड्यूई यांच्या प्रचारासाठी छापलेला मुलांचा टी-शर्ट वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. मायकेल व्हॅसिलॅन्टोन यांनी विकसित केलेल्या, अनेक जाळ्या वर्तुळाकार फिरत्या ठेवणाऱ्या यंत्राचे एकस्व १९६९ मध्ये मंजूर झाले. त्यामुळे एकाच सदऱ्यावर चार-सहा रंग जागच्या जागी बसविणे छोट्या छापखान्यांच्याही आवाक्यात आले.

याच सुमारास धार्मिक चित्रकलेतही एक वेगळे वळण आले. लॉस अँजेल्स येथील इमॅक्युलेट हार्ट महाविद्यालयात कला शिकविणाऱ्या जोगीण कोरिटा केंट (१९१८–८६) यांनी जाळीमुद्रणाने केलेल्या चित्रांत पावाची वेष्टने, रस्त्यांवरील फलक व जाहिराती यांतील अक्षरे उचलून त्यांना धार्मिक अर्थ दिला. त्यांची चित्रे मुख्यत्वे कागदावरची आहेत. पण व्यापारी बोधचिन्हाची अक्षरे घेऊन त्यांतून ख्रिस्ती संदेश सांगण्याची जी लकब पुढे चर्चच्या टी-शर्टांवर रूढ झाली, तिचे मूळ रूप या चित्रांत दिसते. मूळ चित्रांतील धार त्या अनुकरणांत क्वचितच उतरली, हेही नमूद करावयास हवे. कोरिटा यांनी १९६८ मध्ये आपला धर्मसंघ सोडला.

साठीच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील तरुणांत उदयास आलेल्या ‘जीझस चळवळी’ने छापील सदऱ्यास धर्मप्रसाराचे साधन बनविले. जून १९७२ मध्ये डॅलस येथे भरलेल्या ‘एक्स्प्लो ७२’ मेळाव्यास सु. ८०,००० तरुण जमले होते. आकाशाकडे रोखलेले एक बोट हे त्या पिढीचे चिन्ह होते. त्यानंतर युवक शिबिरे, सेवायात्रा, मंडळीचा वर्धापनदिन आणि विशेषतः उन्हाळी सुटीतील बायबल शाळा यांसाठी दरवर्षी नवा टी-शर्ट काढण्याची प्रथा सर्वत्र पसरली. या शाळांचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. न्यूयॉर्कमध्ये एलायझा हॉस या बाईंनी १८९८ मध्ये मुलांसाठी असा वर्ग चालविला, तो भाड्याने घेतलेल्या बिअरच्या गुत्त्यात.

जाळीमुद्रणासाठी चित्र सिद्ध करणे हे कसबाचे काम होते. प्रत्येक रंगाची स्वतंत्र फिल्म लागे. पारदर्शक तावावरील लाल लेप सुरीने कापून रंगाचा आकार मोकळा करीत. लाल लेपातून दिसत असे, पण त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचा पायसावर परिणाम होत नसे, हे त्यातील इंगित होते. शेजारशेजारच्या दोन रंगांत फट पडू नये म्हणून फिकट रंग गडद रंगाखाली केसभर सरकवीत. काळ्या कापडावर रंग उठून दिसण्यासाठी आधी पांढऱ्याचा थर छापीत आणि वरच्या रंगाच्या कडेने पांढरे डोकावू नये म्हणून तो थर चहूबाजूंनी किंचित आत घेत. छायाचित्र छापावयाचे तर त्याचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर करावे लागे. हे सर्व जाणणारा मनुष्य छापखान्यात असे आणि पाळकाच्या मुलीने वहीच्या कागदावर काढलेले चित्रदेखील तो छापण्याजोगे करून देई. त्याचा मोबदला मात्र प्रत्येक रंगामागे आकारलेल्या जाळीच्या खर्चात येई. चार रंगांच्या चार जाळ्यांचा खर्च दोनशे सदऱ्यांवर वाटला तर जाणवत नाही, वीस सदऱ्यांवर तो मूळ सदऱ्याच्या किंमतीला भिडतो. म्हणून लहान मंडळ्यांचे सदरे एकरंगी असत. गरीब वस्त्यांतील चर्चचे टी-शर्ट आणि श्रीमंत उपनगरांतील चर्चचे टी-शर्ट यांत दुरूनही फरक दिसे, तो या हिशेबामुळे.

थेट मुद्रण : संगणकाच्या आज्ञेनुसार शाईचे थेंब फेकणारी मुद्रणयंत्रे कागदासाठी ऐंशीच्या दशकात प्रचारात आली. तयार कपड्यावर असे छापणाऱ्या यंत्रासाठी मॅथ्यू रोम यांनी १९९६ मध्ये एकस्वाचा अर्ज केला व ते २००० मध्ये मंजूर झाले. परंतु ती यंत्रे फारशी खपली नाहीत. पद्धतीचा खरा प्रसार २००४–०५ पासून झाला. जपानच्या ब्रदर कंपनीचे यंत्र २००५ मध्ये बाजारात आले, तर इझ्राएलमध्ये २००२ साली स्थापन झालेल्या कॉर्निट कंपनीने कारखान्यांसाठी मोठी यंत्रे काढली. एप्सन कंपनीने खास या कामासाठी बनविलेले यंत्र २०१३ मध्ये आणले.

या पद्धतीत सदरा सपाट पाटावर ताणतात. दाबविद्युत् गुणधर्माच्या घटकाला विद्युत् दाब दिला की तो आकार बदलतो व सूक्ष्म छिद्रातून शाईचा थेंब बाहेर ढकलतो. शाई पाण्यातील रंगद्रव्याची असून तीत बहुवारिक बंधक असतो. छापल्यानंतर सु. १६०°–१८०° से. तापमानास उष्णता दिल्यावर बंधकाचे पटल होऊन रंग तंतूंना धरून राहतो. सुती कापड या शाईस सर्वांत चांगले. पॉलिएस्टरवर ती नीट धरत नाही.

खरी अडचण पांढऱ्या शाईची होती. तिच्यातील टिटॅनियम डाय-ऑक्साइडाची घनता पाण्याच्या सु. चौपट असल्याने ते तळाशी बसते आणि छिद्रे बुजतात. म्हणून यंत्रात ती शाई सतत ढवळती ठेवावी लागते. शिवाय गडद कापडात ती शोषली जाऊ नये म्हणून आधी सदऱ्यावर कॅल्शियम लवणासारखे द्रव्य असलेला द्रव फवारून वाळवितात. त्याच्या संपर्काने शाई जागच्या जागी गोठते. हा पूर्वसंस्कार कमी झाला तर पांढरा थर मळकट दिसतो व जास्त झाला तर सदऱ्यावर चौकोनी डाग राहतो.

या पद्धतीत जाळ्या लागत नाहीत आणि पहिल्या सदऱ्यास जो खर्च तोच शंभराव्यास येतो. वीस सभासदांच्या मंडळीलाही आपल्या चर्चच्या इमारतीचे छायाचित्र सर्व रंगांसह छापून घेता येऊ लागले. प्रत्येक सदऱ्यावर वेगळे नावही घालता आले. जाळीबरोबर जाळी तयार करणारा कारागीरही मात्र व्यवहारातून गेला. ग्राहकाने पाठविलेली संगणकीय फाईल जशी असेल तशी यंत्र छापते.

चित्राची सिद्धता : चर्चच्या टी-शर्टांची चित्रे बिघडतात ती बहुधा यंत्रामुळे नव्हे, तर पुढील बाबींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. पहिली बाब चित्राच्या सूक्ष्मतेची. छातीवरील चित्र सामान्यतः १२ इंच रुंद व १४ इंच उंच असते. छापील आकारात प्रत्येक इंचास ३०० चित्रबिंदू हवेत हे प्रमाण धरले, तर चित्र ३,६०० × ४,२०० म्हणजे १ कोटी ५१ लक्ष २० हजार बिंदूंचे हवे. मंडळीच्या पत्रकातून उचललेले बोधचिन्ह पुष्कळदा ६०० बिंदू रुंद असते. १२ इंचांवर ताणले की इंचास ५० बिंदू पडतात आणि क्रूसाच्या कडांना पायऱ्या दिसू लागतात. असे चित्र संगणकावर नुसते मोठे केल्याने मूळचा तपशील परत येत नाही. अक्षरे व बोधचिन्हे बिंदूंऐवजी रेषांच्या गणिती वर्णनावर आधारलेल्या स्वरूपात ठेवली, तर ती कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत.

दुसरी बाब पार्श्वभूमीची. गडद सदऱ्यावर छापताना यंत्राचे सॉफ्टवेअर चित्रातील प्रत्येक अपारदर्शक भागाखाली पांढरा थर घालते. चित्राभोवतीचे पांढरे क्षेत्र काढून पारदर्शक केलेले नसेल, तर सदऱ्याच्या मध्यावर पांढरी पाटी छापली जाते. जेपेग प्रकारच्या फाईलमध्ये पारदर्शकतेची सोयच नसल्याने पीएनजीसारखा प्रकार वापरावा लागतो. काळ्या सदऱ्यावर चित्रातील काळा भाग छापण्याऐवजी काढून टाकणे श्रेयस्कर. तेथे कापडाचाच काळा रंग काम करतो, शाई वाचते आणि कापड मऊ राहते. अखमीमच्या रंगाऱ्याने जे केले तेच येथे करावयाचे असते. फिकट सदऱ्यावर पांढरा थर नसतो व रंग पारदर्शक असतात. परिणामी पिवळ्या सदऱ्यावरील निळे आकाश हिरवट दिसते.

तिसरी बाब प्रकाशवलयाची, आणि चर्चच्या चित्रांत तीच सर्वाधिक त्रासदायक ठरते. क्रूसामागून फाकणारे किरण, रिकाम्या कबरीतून येणारा उजेड, कबुतराभोवतीचे तेज हे या सदऱ्यांचे नित्याचे विषय आहेत. संगणकाच्या पडद्यावर हे तेज अर्धपारदर्शक बिंदूंनी साधतात व ते काळ्या पार्श्वभूमीत सुरेख विरून जाते. छापताना त्या अर्धपारदर्शक बिंदूंखालीही पांढरी शाई येते. कडेकडेला रंग इतका विरळ असतो की पांढरेच वर दिसते आणि तेजाऐवजी खडू पसरल्यासारखा भास होतो. यावर उपाय जुन्या जाळीमुद्रणातलाच आहे. विरणारा भाग लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतरित करावा, म्हणजे प्रत्येक ठिपका पूर्ण अपारदर्शक आणि मधली जागा पूर्ण रिकामी राहते. विरण्याचा आभास डोळाच पुरा करतो. पांढरा थर रंगापेक्षा एक ते तीन बिंदू आत घेण्याची सोयही सॉफ्टवेअरमध्ये असते. सुरीने लाल लेप कापणारा कारागीर हेच करीत असे.

रंगांविषयी अपेक्षा माफक ठेवाव्या लागतात. पडद्यावरील झगझगीत हिरवा वा निळा शाईत उतरत नाही. संतांच्या प्रभावलयाचा वा प्याल्याचा सोनेरी रंग धातूच्या चमकेचा नसून पिवळ्या-तपकिरी छटांचा आभास असतो. अक्षरांच्या बाबतीत फार बारीक रेषा टाळाव्यात. रंगीत क्षेत्रात कोरी सोडलेली अक्षरे शाई पसरल्याने बुजतात, म्हणून ती अधिक ठसठशीत घ्यावी लागतात. पाठीवर देणगीदारांची नावे लहान अक्षरांत दाटीने छापण्याचा मोह मंडळ्यांना होतो आणि ती यादी तीन धुण्यांनंतर वाचता येत नाही. अक्षरे रेषाकृतीत रूपांतरित करून पाठवावीत, अन्यथा छापखान्याच्या संगणकावर तो टंक नसल्यास दुसराच टंक बसतो. रोमन लिपीत त्यामुळे केवळ रूप बदलते. देवनागरीत मात्र जोडाक्षरे तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि वचन अवाचनीय होते. मराठी वचने छापून घेणाऱ्या मंडळ्यांना या गोष्टीची विशेष काळजी घ्यावी लागते.

बायबल शाळेच्या मागणीत पाच वर्षांच्या मुलापासून धिप्पाड शिक्षकापर्यंत सर्वांचे सदरे असतात. बारा इंचांचे चित्र लहान मुलाच्या सदऱ्यावर काखेपर्यंत जाते. म्हणून मुलांसाठी चित्राची दुसरी, लहान सिद्धता करावी लागते व तीत बारीक अक्षरे गाळावी लागतात.

वचनाचा हक्क : छापखाना जे मिळेल ते छापतो, त्यामुळे मजकुराची जबाबदारीही मंडळीवर येते. १६११ चे ‘किंग जेम्स’ भाषांतर अमेरिकेत सर्वांस मुक्त आहे. १९७८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’सारख्या आधुनिक भाषांतरांवर प्रकाशकांचा स्वामित्वहक्क असून विक्रीच्या वस्तूंवर वचने छापण्यापूर्वी त्यांच्या अटी पाहाव्या लागतात. हीच गोष्ट टंकांची, महाजालावरून घेतलेल्या चित्रांची आणि व्यापारी बोधचिन्हांच्या विडंबनांची. धार्मिक हेतू हा हक्कभंगास आपोआप बचाव ठरत नाही. अध्याय व ओवी यांचे आकडे मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे हे याच टप्प्यावरचे काम होय. छापलेला सदरा परत कोरा करता येत नाही.

नंतरची स्थिती : २०२० च्या सुमारापासून, चित्र प्रथम प्लॅस्टिकच्या फिल्मवर छापून, त्यावर चिकटणारी पूड वितळवून, उष्ण दाबाने कपड्यावर उतरविण्याची पद्धती झपाट्याने पसरली आहे. तीस सदऱ्यावर पूर्वसंस्कार लागत नाही व पॉलिएस्टरही चालते. त्यामुळे युवक संघांच्या खेळाच्या बनियनांसाठी ती सोयीची ठरली आहे. तीत रंग आधी व पांढरा थर त्यावर छापतात, कारण उतरताना चित्र उलटते. प्रोता ठशाच्या कारागिराप्रमाणे येथेही अक्षरे उलटी छापावी लागतात. फरक इतकाच की ते उलटविण्याचे काम यंत्रच करते. अर्धपारदर्शक तेजाचा प्रश्न या पद्धतीतही सुटलेला नाही. विरळ कडेवर पूड पुरेशी धरत नाही, तो भाग धुण्यात सुटतो, आणि क्रूसामागचे किरण येथेही ठिपक्यांत मोडूनच द्यावे लागतात.